मधोमध

मुलाने दोन बोटांनी टॅबवरचा नकाशा ताणला. भाड्याच्या घरांच्या निळ्या टाचण्या भराभर पसरल्या आणि आई जिच्यावर बोट ठेवायला गेली होती, नेमकी तीच गडप झाली.

"अरे, आत्ता होती ना इथे?"

"आहे गं. नकाशा मोठा केला म्हणून सरकली."

घर सरकतं म्हणजे काय, हे काही तिच्या डोक्यात शिरेना. जन्मभर तिने कारखान्यात कपडे शिवले. खूण केली की ती जागच्या जागी राहते, एवढंच तिला ठाऊक.

घरमालकाला ही जागा लेकासाठी हवी होती. महिनाअखेर सोडायची होती. म्हणून सुट्टीच्या दिवशी मुलगा शहराच्या एका टोकाहून आणि मुलगी दुसऱ्या टोकाहून आली होती. आमच्याकडे एक खोली जास्तीची असती तर, असं दोघांनी आल्या आल्याच सांगून टाकलं. तिने विचारलंही नव्हतं.

या घरात कुणाला झुकतं माप द्यायची रीत नव्हती. सफरचंदसुद्धा आई दोन्ही बाजूंनी निरखून कापायची. तेव्हा मुलीने दोघांच्या घरांवर लाल खुणा केल्या आणि बरोब्बर मधोमध वर्तुळ काढलं. वर्तुळात आलं काय, तर ट्रकांचा तळ, एक गोदाम, आणि गोदामामागे चौथ्या मजल्यावरची एक जागा. लिफ्ट नाही.

"आईचे गुडघे?" मुलगा म्हणाला.

"मग सरकव तुझ्याकडे थोडं."

"माझ्याकडे कशाला? तुझ्याकडे सरकव. मुलगी जवळ असलेली बरी."

"वहिनी काय म्हणेल, ते सांग ना सरळ."

"छोटी, उगाच फाटे फोडू नकोस."

वर्तुळ इकडे सरकलं, तिकडे सरकलं. टाचण्या उगवल्या, मावळल्या. आईचं लक्ष बोलण्यापेक्षा नकाशावरच होतं; तिला वाटलं, दोघंही आपल्याला आपापल्याकडे ओढताहेत, आणि तिला बरं वाटलं. मग तिने चष्मा लावून नीट पाहिलं. मुलाचं बोट दर वेळी मुलीच्या घराकडे जात होतं आणि मुलीचं मुलाच्या. असं कसं, म्हणून तिने पुन्हा पाहिलं. तिला फार वाईट वाटलं. पाणी प्यायच्या निमित्ताने ती आत गेली आणि बराच वेळ पेला विसळत राहिली.

बाहेर आली तेव्हा भांडण चालूच होतं.

"या लाल खुणा पुसता येतात का रे?" आईने विचारलं.



"येतात. पण मग शोधायचं कशाच्या आधाराने?" मुलगा म्हणाला.

"पूस तर खरं."

खुणा गेल्या, वर्तुळ गेलं. अख्ख्या शहरावर टाचण्या पसरल्या. आई वाकली. हा पूल. पुलाच्या खाली दोरे-बटणांचा बाजार. त्याच्या मागे तिच्या जुन्या कारखान्यातली काजं करणारी मैत्रीण राहायची, अजूनही राहते. त्याच गल्लीत एक टाचणी होती. तळमजला, एक खोली, स्वयंपाकघर.

"ही."

"आई, इथून आम्ही दोघंही लांब पडू," मुलगी म्हणाली.

"सारखेच?"

मुलीने खरंच मोजून पाहिलं. "दादा जरा जास्त लांब."

"चालेल एवढं."

मुलाने फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, घरात कोण कोण राहणार? मुलगा अडखळला. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती नकाशात बघत होती. आईने फोन मागून घेतला.

"मी राहणार," ती म्हणाली. "आज बघायला आले तर चालेल?"

तिने पिशवी घेतली तशी दोघंही उठून चपला शोधायला लागली.

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "मला बस ठाऊक आहे."