दहा पेरं

माझ्या मुलाने माझ्या मांजरीची बोटं छाटून आणली आणि वर दारात उभा राहून मला म्हणतो, "सरप्राइज, मॉम!" पिंजऱ्यात ग्रेव्ही अर्धवट गुंगीत पडलेली, पुढच्या दोन्ही पंजांना हिरव्यागार पट्ट्या. "रंग मी निवडला," म्हणाला. "तुझा आवडता."

कर्टिस वाईट मुलगा नाही. त्याचाच तर मला जास्त संताप येतो. वाईट असता तर तोंडावर दार आपटून मोकळी झाले असते.

सगळं सुरू झालं मेपल कोर्ट नावाच्या वृद्धाश्रमापासून. माझा नवरा मर्ल तिथे विस्मरणाच्या रुग्णांच्या विभागात असतो, आमच्या फोर्ट वेन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बर्फातून गाडी हाकत मी त्याच्याकडे जायचे, आणि आता माझे डोळे संध्याकाळच्या रस्त्यावर साथ देत नाहीत. त्याच आवारात म्हाताऱ्यांसाठी छोटी घरं आहेत. कितीतरी वर्षं थांबल्यावर माझा नंबर लागला. घरातल्या सपाता पायात ठेवून मर्लकडे जाता आलं असतं.

तिथली व्यवस्थापक केंड्रा माझ्या नातीच्या वयाची, आणि मला स्वीटी म्हणते.

"मांजर चालेल, स्वीटी. फक्त पुढच्या पायांची नखं काढलेली हवीत."

"कापते की मी नेहमी."

"कापलेली नाही. काढलेली. कायमची."

कारण विचारलं तर म्हणाली, एका आजींना मांजराने ओरखडलं होतं. त्या रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेतात; रक्त थांबेना, हॉस्पिटलात न्यावं लागलं. ते खरं होतं, आणि त्या बाईचं मला वाईटही वाटलं. पण त्याच वेळी समोरच्या दारातून एक पूडल कुत्रा माझ्यावर गुरगुरत होता आणि त्याच्या तोंडात दात सगळे होते.

"याचे कधी उपटताय?" मी विचारलं.

केंड्रा खळखळून हसली. मी विनोद केला नव्हता.

डॉक्टर प्राउटी ग्रेव्हीला पिल्लू असल्यापासून तपासतात. ती इतकीशी होती तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या जेवणात टेबलावर उडी मारून थेट रश्श्याच्या भांड्यात पडली होती, म्हणून मर्लने तिचं नाव ग्रेव्ही ठेवलं. डॉक्टरांनी माझं ऐकलं आणि सरळ नाही म्हणाल्या.

"लोकांना वाटतं, नखं निघतात. मांजराचं नख हाडातूनच उगवतं. बोटाचं शेवटचं पेर छाटावं लागतं. पुढच्या दोन पायांची मिळून दहा पेरं. मी पूर्वी करायचे हे. आता करत नाही."

नखांवर चिकटवायच्या प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या त्यांनी दिल्या. मी त्या घेऊन केंड्राकडे गेले. नियमात बसत नाही, म्हणाली.

त्या रविवारी कर्टिस जेवायला आला होता. मीटलोफचा दुसरा तुकडा ताटात घेत म्हणाला, "मॉम, किती ताणतेस. माझ्या सासूने दोन्ही मांजरींची काढून घेतलीयत. मजेत आहेत."

"त्यांनी सांगितलं तुला?"

"तसं नाही गं…"

"ठेव हात इथे." मी भाजी चिरायची फळी त्याच्यापुढे सरकवली. "ठेव की. शेवटचं पेरच फक्त. मजेत राहशील."

त्याने काटा खाली ठेवला. "म्हणजे एका मांजरापायी तू डॅडला तिथे एकटं सोडणार?"

हे मात्र मला लागलं. मर्लला आता माझं नाव आठवत नाही. कर्टिसचंही नाही. मांजरीचं आठवतं. तिला मांडीवर ठेवलं की तो जेवतो, नाहीतर ताटाकडे बघतसुद्धा नाही.

"म्हणूनच तिला अख्खी नेणार आहे," मी म्हटलं. "पुढच्या महिन्यात त्यांच्या संचालकांची बैठक आहे. तिथे जाऊन बोलणार."

"तोवर ते तुझी जागा दुसऱ्याला देऊन टाकतील."

"देऊ देत. भांडू तर दे मला आधी."

त्याने काटा पुन्हा उचलला. मला वाटलं, पटलं. जाताना म्हणाला, "तू आवराआवर कर निवांत. तोवर मांजर माझ्याकडे राहू दे, खोक्यांत उगाच बावचळेल." मी त्याला थँक्यू म्हटलं. पिंजऱ्यात तिची आवडती चादरसुद्धा मीच अंथरून दिली.

आणि आता हा दारात. सरप्राइज.

तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाला विचारून?"

"ते लोक ऐकणार नव्हते, मॉम. कोणीतरी करायलाच हवं होतं. केंड्राला फोन केला मी, घर तुझं पक्कं झालंय."

"माझं घर. माझी मांजर. माझं भांडण. यातलं तुझं काय होतं रे?"

"मी तुझ्यासाठी केलं!" तोही ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्याची जराही दया आली नाही.

गेले मी राहायला. पेरं काही परत उगवणार नव्हती, मग जागा का सोडायची? हा हिशेब माझ्याच डोक्यात आला, त्याचीही मला चीड आली. ग्रेव्ही न्हाणीघरात टबामागे बसून राहायची. तिच्या शीच्या डब्यातली वाळू जखमांत जायची म्हणून मी वर्तमानपत्र फाडून घालत होते, तरी ती डब्यात पाय टाकताच उडी मारून बाहेर यायची आणि माझ्या गादीवर मुतायची. एकदा उचलायला गेले तर मनगटाला कडकडून चावली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

केंड्राने माझ्या हाताची पट्टी बघितली. "अगंबाई, ओरखडलं का स्वीटी?"

"नाही, चावली. चावायला तुमच्या नियमात बंदी नाही." यावर मात्र ती हसली नाही.

जखमा सुकल्यावरच्या रविवारी कर्टिस आला. "चल, डॅडला भेटवू तिला," म्हणाला. त्याला सगळं गोड झालेलं बघायचं होतं. मीही गेले, कारण मर्लने कित्येक दिवसांत धड खाल्लं नव्हतं.

मर्ल खिडकीपाशी खुर्चीत होता. "ग्रेव्ही!" म्हणाला आणि हात पुढे केले. ती त्याच्या मांडीवर अंग चोरून बसली.

त्याची एक जुनी खोड आहे. तिचा पंजा चिमटीत धरून हलकेच दाबायचा, की नखं बाहेर येतात. सोडला की आत जातात. मग तो लहान मुलासारखा हसतो. त्याने पंजा दाबला. ग्रेव्हीने तो आखडून घेतला. त्याने पुन्हा धरला, अगदी अलगद. काहीच बाहेर आलं नाही. त्याने पंजा उजेडाकडे वळवला, एकेका बोटावरून अंगठा फिरवला.

"कोणी केलं हे?"

आवाज असा खणखणीत, की दारातली नर्स थबकली. आमच्या घरात काही मोडलं की मर्ल याच आवाजात विचारायचा.

कर्टिस त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "डॅड, मी केलं. मॉमला तुझ्याजवळ राहता यावं म्हणून. दुसरा इलाज नव्हता, डॅड."

मर्ल त्याच्याकडे बघत राहिला. मग ग्रेव्हीला दोन्ही हातांनी पोटाशी ओढून घेत म्हणाला, "तुम्ही कोण?"

हे तो दर रविवारी विचारतो. आणि दर रविवारी मी लगेच सांगते, हा आपला कर्टिस, मर्ल, आपला मुलगा. मग मर्ल "हो, हो, कर्टिस" म्हणतो, हात पुढे करतो, आणि कर्टिसच्या जिवात जीव येतो.

कर्टिसने गुडघ्यांवरूनच माझ्याकडे मान वळवली. तो वाट बघत होता.

मी मर्लचा स्वेटर मांजरीच्या अंगावर नीट ओढला आणि काही बोलले नाही.