अकरा जणांचं वारं

“फुंका,” रवळूआप्पा म्हणाले, आणि कोणीही फुंकलं नाही.

एकोणीसशे सत्तेचाळीसच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. दुपारचे साडेतीन. बेळगावातल्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर पलटणीचे अकरा गोरे अंग मोकळं करत उड्या मारत होते. कडेला शहापूर-वडगावचे विणकर, टिळकवाडीचे वकील, कॅम्पातले भाजीवाले, सगळं गाव जमलेलं. आणि मधोमध साठीचा एक म्हातारा उकिडवा बसून फुटबॉलच्या रबरी ब्लाडरची नळी वर धरून होता. त्याच्याभोवती आमचे खेळाडू. अकरा नव्हे, बावीस. आणि बावीस जणांत एकालाही त्या नळीला तोंड लावायचं नव्हतं.

मी मार्तंड, कॉलेजचा कारकून. जिमखान्याचं दप्तर माझ्याकडे. या प्रकरणात शहाणा असा कोणीच नव्हता, आणि मूर्खांची यादी करायचीच झाली तर वरचं नाव माझंच घालावं लागेल. अक्षर मात्र वळणदार आहे माझं. त्यानंच तर घात केला.

रवळूआप्पा मैदानाचे गडी. खानापूरकडच्या कुठल्याशा वाडीतले. तरुणपणी ते कॅम्पात गोऱ्यांच्या मैदानावर होते. खेळायला नव्हे, चर ओलांडून गेलेला चेंडू धावत जाऊन आणून द्यायला. सतरा वर्षं त्यांनी चेंडू हातानं उचलून आणला. पायानं परत मारायचा नाही, असा हुकूम होता. एकदा चुकून मारला तर आठ दिवसांचा पगार कापला. मग आमचं कॉलेज निघालं आणि ते इकडे आले. रेघांची फक्की मारणं, गवत काढणं, चेंडू शिवणं ही त्यांची कामं. पण पहिल्याच वर्षी पलटणीशी सामना ठरला आणि या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आपल्या पोरांनी या लोकांना एकदा, फक्त एकदा, हरवलेलं बघायचं. बाकी काही मागणं नव्हतं हो त्याचं.

त्या वर्षी कॉलेजकडे पंप नव्हता. ब्लाडर तोंडानं फुंकायचं, नळी बांधायची, आत दडपायची आणि वरून चामड्याची वादी आवळायची. एकट्याचा दम पुरेना, म्हणून रवळूआप्पांनी खेळाडूंना गोल बसवलं आणि प्रत्येकाला एकेक फुंकर घालायला लावली. तोच रिवाज पडला. ब्राह्मणाच्या तोंडची नळी लिंगायताच्या तोंडात, त्याच्या तोंडची मुसलमानाच्या, मुसलमानाची मराठ्याच्या. आमच्या गावात पाण्याच्या तांब्यावरून माणसं जन्माचं बोलणं सोडतात, आणि इथं उघड्यावर, गावासमोर, अकरा जणांचं उष्टं! एका मुलाचे काका शनिवारचा खेळ झाला की त्याला परसातूनच अंघोळीला पाठवायचे. तो दर शनिवारी अंघोळ करायचा आणि दर शनिवारी फुंकायचा. पुढे पंप आला. रवळूआप्पांनी तो खोक्यातच ठेवला. “पंप खेळनार हाय व्हय?” एवढंच म्हणायचे.

तोंडानं फुगवलेला चेंडू जरा मऊच राहायचा, आणि म्हणूनच आपण हरतो, असं काही विद्वानांचं मत होतं. नाचता येईना अंगण वाकडं! हरायचो आम्ही नियमानं. तेरा वर्षं, पलटणीशी तेरा सामने, तेरा पराभव. एकदा नऊ गोल खाल्ले. पण हरलो तरी संध्याकाळी मैदानावर एक भला मोठा जमखाना अंथरला जायचा. रवळूआप्पांची बायको मनुबाई पोतंभर चुरमुऱ्यांवर शेंगदाणे, कांदा आणि हिरवी मिरची घालून ढीग करायची, विणकर ताकाच्या घागरी आणायचे, आणि हरलेले, बघे, वकील, भाजीवाले एकाच ढिगातून मुठी भरायचे. गोऱ्यांचा गोलकीपरसुद्धा एकदा येऊन बसला होता. मिरचीनं त्याचे कान लाल झाले.

गेल्या वर्षी एकाच गोलानं हरलो. तोही शेवटच्या मिनिटाला. या वर्षी टीम खरोखर चांगली होती, आणि गोलात आण्णाप्पा होता. निपाणीच्या तंबाखूवाल्याचा मुलगा, हात असे की चेंडू आपणहून त्यात येऊन बसावा. अशात विलायतेत जाहीर झालं की इंग्रज वर्ष-दीड वर्षात जाणार. पलटण उन्हाळ्यातच हलणार अशी बातमी आली. म्हणजे हाच शेवटचा सामना. रवळूआप्पा जानेवारीपासून पहाटे उठून मैदानातले खडे वेचत होते.

आणि नेमक्या त्याच वेळी आमच्या प्राध्यापकांना देशकार्य सुचलं.

इतिहासाचे हरिभाऊ आणि तर्कशास्त्राचे इरपण्णा. दोघेही जन्मात चेंडूला पाय न लावलेले. इंग्रज गेल्यावर बेळगाव कुठल्या प्रांतात जावं, हे ठरवायला या दोघांना कोणी बोलावलं नव्हतं. पण बोलावलं नाही म्हणून गप्प बसेल तो प्राध्यापक कसला! स्टाफरूममध्ये रोज वर्तमानपत्र उघडायचं आणि एकानं मराठीची, दुसऱ्यानं कानडीची तलवार उपसायची. गंमत अशी की हरिभाऊ घरी भाजीवालीशी कानडीत घासाघीस करायचे, आणि इरपण्णा गावात नाटक मंडळी आली की मराठी पदं गुणगुणत पहिल्या रांगेत. तरी लढाई जोरात होती.

एके दिवशी हरिभाऊ माझ्या टेबलाशी आले. खेळाडूंच्या यादीत ‘मातृभाषा’ असा एक रकाना वाढवा म्हणाले. कशाला, असं मी विचारलं नाही. लाल शाई घेतली, पट्टी लावली आणि अशी सुंदर रेघ मारली की मलाच अभिमान वाटला. मग एकेकाला बोलावून विचारत गेलो. आजवर त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. काहींनी घरी जाऊन विचारून येतो म्हटलं. आण्णाप्पानं बराच विचार केला. आईशी मराठी बोलतो, वडलांशी कानडी, तुम्हांला सोयीचं ते लिहा, म्हणाला. मी जागा मोकळी सोडली.

शेवटी सात मराठी, सहा कानडी, एक उर्दूवाला हुसेन आणि एक मोकळी जागा. यादी फलकावर लावली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं चेंडू टाकण्याआधी एकमेकांची तोंडं बघू लागली. सात जण म्हणाले कॅप्टन आमचा. इरपण्णांनी सहा जणांना घरी बोलावून चहा पाजला. हरिभाऊंनी सातांना पोहे खिलवले. आठवड्यात एका टीमच्या दोन झाल्या. माणसं कमी पडली तेव्हा वक्तृत्वमंडळातले चष्मेवाले भरती केले. हुसेनला दोन्हीकडून बोलावणं आलं, कारण तो धावायचा चांगला. तो म्हणाला, मला ताप आहे. तो ताप पुढे कधी उतरलाच नाही.

आण्णाप्पाला मात्र दोन्हीकडून निरोपाऐवजी टोमणे आले. हा कुठलाच नाही, कोणाचाच नाही, असं त्याच्या तोंडावर म्हटलं गेलं. सामन्याच्या चार दिवस आधी तो ट्रंक घेऊन निपाणीला निघून गेला. रवळूआप्पा सर्व्हिस मोटारीच्या अड्ड्यापर्यंत त्याच्यामागे गेले होते. परत आले ते सरळ दोन्ही प्राध्यापकांच्या दारी. हरिभाऊंनी त्यांना अर्धा तास अंगणात उभं करून इतिहास सांगितला. इरपण्णांनी ओसरीवर बसवलं आणि तर्क सांगितला. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हा घसा बसला होता.

“मार्तंडराव,” ते म्हणाले, “गाव कुनीकडं बी जाऊ दे. शनिवारी तेवडं एकत्र खेळा म्हनावं. रविवारपास्नं भांडा. तुमी सांगा की तेस्नी, तुमचं ऐकतील.”

माझं कोण ऐकणार! पण प्रयत्न करायला काय हरकत होती? यादी फलकावरून काढून टाकता आली असती. शाईची दौत सांडली असं सांगता आलं असतं. मी म्हटलं, बघतो. कारकुनाच्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे काय, हे रवळूआप्पांना ठाऊक होतं. ते उठून गेले.

तर असा तो शनिवार. बावीस जण दोन कळप करून उभे, आणि फुंका म्हटल्यावर सगळे जमिनीकडे बघताहेत. त्यांनी आधी फुंकलं तर आम्ही लावणार नाही, असं एक कळप म्हणाला. दुसराही तेच म्हणाला. एक चष्मेवाला पुढे होऊन म्हणाला, पंप आणा ना. रवळूआप्पांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी नळी स्वतःच्या तोंडाला लावली आणि फुंकायला सुरुवात केली.

साठीचा माणूस. मानेच्या शिरा टरारल्या, डोळ्यांत पाणी आलं, मध्ये दोनदा खोकल्याची उबळ येऊन हात जमिनीवर टेकावा लागला, तरी नळी चिमटीतून सोडली नाही. पाच मिनिटं लागली असतील. बावीस जवान पोरं कमरेवर हात ठेवून बघत होती. मीही बघत होतो. वादी आवळून चेंडू त्यांनी मधल्या खुणेवर ठेवला.

आता खेळायचं कोणी? प्रिन्सिपॉलसाहेब धावत आले. पहिला अर्धा वेळ एका टीमनं खेळावं, दुसरा अर्धा दुसरीनं, असा तोडगा त्यांनी काढला. दोघांनाही मान्य. मग आधी कोणी, यावर वाद. नाणं उडवा, तर नाण्यावर राजाचं डोकं, ते आम्ही मानत नाही, असं हरिभाऊ गरजले. चिठ्ठ्या टाका, तर चिठ्ठ्या कोणत्या लिपीत, असं इरपण्णांनी विचारलं. मी हे रचून सांगत नाही. पाच हजार माणसं साक्षीला होती. कॉलेजच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पलटणीचा कॅप्टन बराच वेळ घड्याळ बघत होता. शेवटी तो प्रिन्सिपॉलसाहेबांशी हसत काहीतरी बोलला. त्यांचे राखीव गडी धरून पंधरासोळा जण होते. तुमचं चालू द्या, आम्ही आमच्यातच दोन भाग करून खेळतो, लोक आलेत तर निदान खेळ बघून जातील, असा त्याचा अर्थ. फक्त चेंडू द्या. प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, अवश्य, अवश्य.

कॅप्टननं रवळूआप्पांना बोटानं खूण केली. चेंडू इकडे.

रवळूआप्पा खुणेपाशी गेले, वाकले आणि चेंडू उचलला. दोन्ही हातांनी, सतरा वर्षं उचलला तसाच. मग काखेत मारला आणि पाठ फिरवून मैदानाबाहेर चालू लागले. कॅप्टननं हाक मारली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी हाक मारली. ते थांबले नाहीत. गर्दीनं बाजूला होऊन वाट दिली.

अब्रू गेली म्हणून प्रिन्सिपॉलसाहेब माझ्यावर ओरडले. चेंडू घेऊन या, नाहीतर दोघंही सोमवारी घरी बसा. नोकरी म्हटल्यावर मी धावत सुटलो. कॉलेजमागच्या नाल्यापाशी मी त्यांना गाठलं. धाप लागली होती त्यांना, माझ्याहून जास्त. एका दगडावर बसले होते. मी जे बोलायला नको ते सगळं बोललो. साहेबांसमोर शोभा केलीत, म्हटलं. म्हातारपणी भाकर घालवाल, म्हटलं. चेंडू काही तुमच्या बापाचा नाही, असंही म्हटलं.

त्यांनी चेंडू मांडीवर ठेवून वादी सोडली, नळी बाहेर ओढली आणि तिची गाठ सोडली. हवा फुस्सदिशी गेली. ती सगळी जाईपर्यंत त्यांनी चेंडू दाबून धरला आणि मग तो लोळागोळा माझ्या हातात दिला.

“घ्या. चामडं कालेजचं हाय,” ते म्हणाले. “वारं माजं हुतं.”

नाल्याच्या कडेनं ते आपल्या वाडीच्या वाटेला लागले. मी तो लोळागोळा घेऊन उलटा फिरलो.

मैदानावर आलो तेव्हा माझी कोणी वाटच बघत नव्हतं. गोऱ्यांनी आपल्या लॉरीतून स्वतःचा चेंडू काढला होता. आठ जणांनी शर्ट काढले होते, आठ जणांनी ठेवले होते, आणि खेळ ऐन रंगात आला होता. आमचे बावीस जण एका कडेला दोन ढिगांत बसून बघत होते. हरिभाऊ आणि इरपण्णा शेजारी शेजारी उभे राहून, हा पास बघा, तो पास बघा, असं एकमेकांना दाखवत होते. गावानं तर खेळ डोक्यावर घेतला होता. मनुबाईनं चुरमुऱ्याचं पोतं उघडलंच नव्हतं. ती ते तसंच डोक्यावर घेऊन, नवऱ्याला शोधत, गर्दीतून बाहेर निघाली होती. तिला वाट कोणी दिली नाही, कारण सगळ्यांचे डोळे चेंडूवर होते.

उजव्या बाजूचा एक उघडा गोरा तिघांना चुकवून आत घुसला आणि त्यानं कोपऱ्यातून सुरेख गोल मारला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. मी ते चामडं बगलेत घट्ट धरलं, दोन्ही हात मोकळे केले, आणि वाजवल्या.