बर्फाच्या डब्याशेजारी

मी प्रतिपिंड बोलतोय, या करंगळीएवढ्या शीशीतून. नाव एवढं मोठं, आणि अंगानं मी पाण्याचे चार थेंब.

माझा जन्म एका सशाच्या रक्तातला. मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. ते सशाला टोचलं, आणि त्याला ओळखायला मी जन्मलो. ते दिसलं की जाऊन घट्ट धरायचं, एवढंच माझं काम. दुसरं कोणी मला ओळखू येत नाही. अजून त्याची भेट नाही, तरी ओढ त्याचीच.

नंदुरबारच्या एका कॉलेजात संशोधन करणाऱ्या तबस्सुमनं मला मागवलं. तिचा सारा प्रबंध माझ्यावर अडलेला. दुसरी शीशी यायला महिने लागणार. तिचे वहाबमामू खाटीक. तपासायला बकऱ्याचा भेजा तेच द्यायचे आणि चिडवायचे, “लोग मसाले में भूनते, तू काच पे चिपकाती!”

तेवढ्यात कॉलेजचा फ्रीझर बंद पडला. रमजान चालू होता. तबस्सुमनं मला घरी आणून फ्रीझरमध्ये बर्फाच्या डब्याशेजारी ठेवलं.

तिथंच चुकलं. रोजा सोडायची वेळ झाली की सारा मोहल्ला भांडी घेऊन दारात. तिची अम्मी नईमा, तिच्या तोंडून कधी ‘नाही’ निघायचं नाही. शेजारच्या कमलबाईही यायच्या, त्यांच्याकडे पाहुणे.

“बरफ शे का व, नईमा?”

“शे ना माय, भांडं दे.”

डबा निघावा म्हणून नईमा मला ओट्यावर काढून ठेवायची. मी वितळायचो, मग पुन्हा गोठायचो. दर खेपेला माझे हात थोडे लुळे पडायचे.

एका संध्याकाळी तबस्सुमनं पाहिलं. “अम्मी! ये बाहर कैसे?”

“दो मिनट तो हुए, बेटा. रोजेदार को खाली हाथ भेजूं?”

तबस्सुमनं ओढणीच्या टोकात धरून मला आत ठेवलं.

ईदनंतर तिनं माझा एक थेंब भेज्याच्या पातळ कापावर सोडला. भेट झाली तर तपकिरी रंग उमटणार होता. किती तरी वेळ ती सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. एका कोपऱ्यात रंग आला, पुसलेल्या चहाच्या डागासारखा.

“है,” ती पुटपुटली. “पर इतने से नहीं होगा.”

त्या थेंबातले माझे काही भाऊ पोचले म्हणायचे. मी शीशीतच उरलो. तबस्सुमनं नवी शीशी मागवलीय. आता नईमा बर्फ फ्रीझरच्या खालच्या खणात जमवते, आणि वर कोणाचा हात गेला की ओरडते, “उधर नहीं! मेरी बेटी का भेजा है उसमें!”

आता मला कोणी हात लावत नाही. जिनं लावावा, तीही नाही.

तबस्सुम, फेकायचंच झालं तर मोरीत नको गं ओतू. मामूंनी दिलेल्या भेज्याचा एखादा टाकाऊ काप असेल, त्यावर सोड. रंग नाही आला तरी चालेल. हात लुळे झालेत माझे, पण कोणाला धरायचं ते विसरलो नाही.