वरचा दांडा खाली आला

पहाट झाली की अजूनही मी दचकतो, मित्रांनो. मी एक जुना दांडा आहे, कोंबड्यांनी बसायचा. आता माझे चार तुकडे झालेत, पण ती धपधप काही कानांतून जात नाही.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या एनोस झूकच्या शेतावर आमची कोंबड्यांची शेड एका दिवसात उभी राहिली. तिथली रीतच तशी. पंधरा शेजारी हातोड्या घेऊन आले, बायकांनी जेवणं वाढली आणि दिवस मावळायच्या आत छप्परसुद्धा चढलं. घाईघाईत एका उरलेल्या वाशातून मला कापलं, कडा तशाच धारदार ठेवल्या आणि पार वर ठोकून दिलं.

"कोंबडीला उंच जागा आवडते," एनोस म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिनं उतरायचं कसं, हे कुणी विचारलंच नाही.

संध्याकाळी माझ्यावर बसायला ढकलाढकली चाले. केवढा फुगायचो मी! पण पहाटे अंधुक उजेडात सगळ्या एकदम उड्या टाकत. धप्! एखादी खालच्या दांड्यावर छातीनंच आदळे. रोज अंडी घालून हाडांतला चुना कवचांत गेलेला, हाडं ठिसूळ झालेली. मला सगळं ऐकू येई, पण हलता येत नव्हतं. जीव नुसता तगमगायचा.

एके सकाळी एनोसच्या बायकोनं, मालिंडानं, एक तांबडी कोंबडी उचलून तिची छाती चाचपली.

"एनोस, हात लाव इथं. हाड मोडून वाकडंच जुळलंय."

"आपल्या कोंबड्या मोकळ्या हिंडतात, सेंद्रिय दाणा खातात. सेंद्रियचा दाखला देणारा तपासनीस परवाच खूश होऊन गेला की!"

"त्यानं दांडे बघितले. कोंबड्या चाचपल्या का?"

"अगं, पंधरा जणांनी मन लावून बांधलंय. आता काय मोडू?"

"त्या पंधरांत एक तरी कोंबडीएवढा होता का?"

एनोस हसला नाही. तो एकेक कोंबडी उचलून चाचपत गेला. बऱ्याच जणींच्या छातीला तसलीच गाठ लागली. मग त्यानं कटावणी आणली आणि मला उपटून काढलं.

आता चुलीत जाणार, म्हणून मी घाबरलो. पण त्यानं मला कापलं, रंधा मारून कडा गोल केल्या आणि एका उतरत्या फळीवर पायऱ्यांसारखं ठोकलं. दुसऱ्या दिवशी तांबडी माझ्यावरून एकेक पाऊल टाकत खाली आली.

कुणाला उंच बसवाल, मित्रांनो, तर आधी उतरायची वाट करा. तांबडीचं हाड आता सरळ होणार नाही. रोज ती माझ्यावरूनच उतरते, आणि ते हाड माझ्यामुळेच मोडलं, हे तिला ठाऊकही नाही.