ओळखा पाहू कोणाचा

कंपनीच्या राव सरांनी सांगितलं, जावा आणि सी-शार्प या दोन प्रोग्रामिंगच्या भाषांच्या दोन टीम परवडत नाहीत, एकच राहील. जावाचे म्होरके इथल्याच चिक्कडपल्लीचे किशोरकाका. वय बावन्न, जावाशिवाय दुसरं काही येत नाही. सी-शार्पचा म्होरक्या पुण्याचा मंदार, जिभेला धार लावूनच जन्मलेला.

दोघांचं भांडण जुनं. काका म्हणायचे, तुमची भाषा मुळात आमच्यावरूनच ढापलेली. मंदार म्हणायचा, आणि आता नवीन सगळं तुम्ही आमच्याकडून उचलताय. दोघंही खरं बोलत होते. शेजारणींच्या वाट्यांसारखं झालं होतं, कुणाची कुणाच्या घरात, पत्ता नाही.

सरांनी दोघांना एकच काम दिलं, पार्सलचा दर काढणारा प्रोग्राम. काकांनी टीमला बजावलं, जावा जुनाट दिसता कामा नये. मंदारनं आपल्या टीमला बजावलं, आपण उथळ दिसता कामा नये. लिहिलं अर्थात पोरांनी. या दोघांनी हातानं कोड लिहून जमाना झाला होता, आणि उघडून बघणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

मीटिंगमध्ये सरांनी नावं झाकून दोन्ही प्रोग्राम भिंतीवर लावले आणि मत विचारलं.

पहिला आटोपशीर होता. काकांना वाटलं, हा चटपटीतपणा मंदारचाच. ते उठले. "सगळं दोन ओळींत कोंबलंय. उद्या बिघडलं तर कोण निस्तरणार? असल्याला टीम देऊ नका, सर."

मंदारनं दुसऱ्याकडे बोट केलं. "आणि हे? रेशनकार्डाचा अर्ज भरल्यासारखं. ज्यानं लिहून घेतलं त्याला घरी बसवा."

सरांनी नावं उघडली. पहिला काकांचा, दुसरा मंदारचा.

सर शांतपणे म्हणाले की दोघांचाही सल्ला त्यांना पटलाय. टीम एकच होईल, दोन्हीकडची पोरं एकत्र, ऋचाच्या हाताखाली. ती दोन्ही भाषा लिहिते आणि फरक विचारला तर खांदे उडवते. म्होरक्यांची आता गरज नाही.

लिफ्टमध्ये दोघंच होते. मंदारची धार पार गेलेली.

"काका, आता काय करणार?"

"तिसरी भाषा शिकतो."

"तीही अशीच असणार."

"हौ," काका म्हणाले. "म्हणून तर लगेच जमेल. सगळ्यांनाच जमेल."