ऐच्छिक विषय

शाळेतली सभा पाच वाजता होती, पण तासमास्तर तीनलाच घरी येऊन टेकले. खरं तर ते भूगोलाचे शिक्षक. तीस वर्षं शाळेचं वेळापत्रक त्यांनीच आखलं, म्हणून मुलांनी हे नाव पाडलेलं. बाबांचे ते जिवलग. बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते. आई आतल्या खोलीत पडली होती.

"छकुले, भाषण लिहिलंस?"

"दीड पान झालंय, काका."

"आटोपतं घे. तुझ्या बापाचा तास कधी वेळेवर सुटला नाही, निदान तुझं भाषण तरी सुटू दे."

ती हसली. अठरा दिवसांत पहिल्यांदाच. गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला शाळा यंदापासून बाबांच्या नावाचं बक्षीस देणार होती, आणि त्यांच्याबद्दल चार शब्द लेकीनेच बोलावेत असं ठरलं होतं. इथल्या मुलींच्या मनातली गणिताची भीती बाबांनी घालवली, असं तिने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं.

चहाचा घोट घेऊन काका म्हणाले, "एक मात्र त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. तुझं गणित."

"ते तरी काय करणार? तास जुळत नव्हते."

"जुळत नव्हते कसले. मीच जुळू दिले नाहीत." जुनी गंमत सांगावी तसे काका बोलून गेले. "त्याने मला शिक्षकखोलीत गाठलं. म्हणाला, पोरीला दहावीत अडतीस पडलेत. अकरावी कॉमर्सला माझ्याच विषयात आपटली तर इथे कुठल्या तोंडाने बसू? गणित नि अर्थशास्त्र एकाच तासाला टाक. अर्थशास्त्र सक्तीचं, म्हणजे गणित आपोआप सुटेल. तुमच्या तुकडीत गणित मागणाऱ्या तिघीच तर होत्या."

"तिघी," ती म्हणाली.

"बाकीच्या दोघी चार दिवस रुसल्या नि विसरल्या."

तिला ती दुपार आठवली. बाबा तिला घेऊन वेळापत्रकाच्या खोलीत गेले होते. "काहीतरी कर रे, पोरीचा फार जीव आहे गणितावर," म्हणाले होते. काकांनी मोठा तक्ता टेबलावर पसरला, पेन्सिलीने दोन चौकोन दाखवले आणि मान हलवली. परतताना बाबा वाटभर इतके हळहळत होते, की शेवटी तिनेच त्यांची समजूत काढली होती.

दोन वर्षांनी कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्सच्या पदवीला प्रवेश घ्यायला ती रांगेत उभी राहिली, तेव्हाही बाबा सोबत होते. 'बारावीला गणित आवश्यक' हे फलकावरचे शब्द दोघांनी एकदमच वाचले. खिडकीतून अर्ज परत आला. "नियमापुढे आपलं काय चालणार," असं म्हणत बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढे त्याच कॉलेजात ती कारकून म्हणून लागली. गेली एकोणीस वर्षं प्रवेशाच्या दिवसांत ती त्याच खिडकीमागे बसत आली होती. गुणपत्रिका हातात आली की आधी गणित शोधायचं, नसेल तर अर्ज परत द्यायचा. मुलं रडकुंडीला येत. तिला वाईट वाटे, पण नियमाचा राग कधी आला नव्हता. नियम कुणाचं तोंड बघून बदलत नाही, यावर तिचा विश्वास होता.

"आज का सांगितलंत हे?"

"का म्हणजे? बापाची माया, दुसरं काय. नापासाच्या शिक्क्यापासून वाचवलं त्याने तुला."

"मला की स्वतःला?"

काकांनी कप खाली ठेवला. "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, छकुले."

"मग आज मी काय बोलू तिथे?"

"लिहिलंयस ते वाच. त्यात खोटं काय आहे?"

खोटं काहीच नव्हतं. पाच वाजता शाळेचं सभागृह भरलं होतं; आईही उठून आली होती. पुढच्या रांगांत बाबांच्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या, कुणी इंजिनिअर, कुणी बँकेत, कुणी स्वतः गणित शिकवणारी. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावलं. उभं राहून तिने गर्दीत आपल्यासोबत गणित सुटलेल्या त्या दोघींना शोधलं, आणि लक्षात आलं, की त्यांचे चेहरेच आपल्याला आठवत नाहीत. तिने कागद उलगडला नाही.

"बाबांनी खूप जणींना गणित शिकवलं. त्या इथे आहेत, त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मला त्यांनी नाही शिकवलं. त्या वर्षी आमचा तास बसू दिला गेला नाही. मला, आणि आणखी दोघींना. बक्षीस पहिल्या येणारीला जरूर द्या. पण ज्या मुलीला हा विषय हवा आहे तिला तो घेता येतो की नाही, हेही शाळेने बघावं. एवढंच."

टाळ्या जरा उशिराच पडल्या. काहींना तो विनय वाटला असावा. तासमास्तर मनगटावरच्या घड्याळात बघत होते.

ती आईशेजारी येऊन बसली. आई तिच्याकडे झुकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजींनी सांगितलं वाटतं."

तिने वळून आईकडे पाहिलं.

"मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, तिला सांगून टाका म्हणून."

"त्यांना म्हटलंस," ती म्हणाली. "मला नाही म्हणालीस."

आईने हात पुढे केला. मंचावर पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं गेलं, आणि ती मांडीवरच्या कागदाला आणखी घड्या घालत राहिली.