गोल खिडकीचं घर

तिने अल्बममधून चौथा फोटो सोलून काढला आणि खिडकीपाशी उजेडात धरला. मागची बाजू पहिल्या तिन्हींसारखीच कोरी होती.

"घड्याळ बघ," आई म्हणाली.

बघायची गरज नव्हती, तिला मिनिटं पाठ होती. आठ वाजता बाबांना इन्सुलिनचं इंजेक्शन तिनेच दिलं होतं. नाश्ता पुढ्यात ठेवून आई पाणी आणायला वळली आणि तेवढ्यात "घरी जाऊन येतो" म्हणत बाबा बाहेर पडले. आता सव्वानऊ झाले होते. पोटात अन्नाचा कण नाही. साखर उतरली की आधी घाम, मग भ्रम. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर आकडे मांडणारी ती, पण यापुढचा आकडा तिने मनातही मांडला नाही.

गेलं वर्षभर बाबांना हे घर आपलं वाटत नव्हतं. मग कुठलं वाटतं, असं विचारलं की ते अल्बमवर बोट ठेवायचे. त्यांनी स्वतः काढलेले सात फोटो, सात घरं. माणूस औषधालाही नाही.

"लोक बायकापोरांचे फोटो काढतात," आई पदराला हात पुसत म्हणाली. हात कोरडेच होते. "यांनी लोकांच्या भिंती काढल्या. भाड्याच्या जागा बदलता बदलता माझं कंबरडं मोडलं, पण यातल्या एकाही घरात आपण राहिलेलो नाही. शंभरदा सांगितलं."

फोन वाजला. दादा होता, तासाभरापासून स्कूटरवर गल्ल्या पालथ्या घालत होता.

"त्या गोल खिडकीच्या घरी आलोय. कामावर जाताना दिसतं रोज, म्हटलं तेच असेल. पण इथे कोणी आलं नाही म्हणतात. आता कुठे जाऊ, सांग."

"थांब. तिथून हलू नकोस."

गोल खिडकीचा फोटो सहावा होता. तिने भिंग लावलं. खिडकी, दार, वरची कौलं, सगळं सुईच्या टोकासारखं स्पष्ट. फक्त खालच्या कोपऱ्यात एक चौकडीचा डाग होता, पुसट, वितळल्यासारखा.

"आई, हे काय असेल?"

आईने चष्मा कपाळावर सरकवून फोटो नाकाशी नेला.

"अगं, ही माझी चादर! व्हरांड्याच्या कठड्याचा एक गज तुटला होता. दादा रांगत होता तेव्हा, पडेल म्हणून मीच बांधली होती."

"कुठल्या व्हरांड्याच्या?"

"आपल्याच. चार महिने राहिलो असू तिथे."

"आणि समोरचं घर तुला आठवत नाही?"

"स्वयंपाकघर मागे होतं, बाई. समोर बघायला मला सवड कुठे होती?"

तिने पुन्हा त्या डागाकडे पाहिलं. इतका पुसट, म्हणजे कॅमेऱ्याच्या अगदी जवळचा.

"बाबांनी आपल्या घराचे फोटो काढलेच नाहीत, आई. आपल्या घरातून काढलेत." तिने फोन तोंडाशी नेला. "दादा, मागे वळ."

"काय?"

"रस्त्यापलीकडे बघ. व्हरांडा आहे?"

फोनमधून एक भोंगा, मग पळणारी पावलं. आईने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

"आहेत!" दादाला धाप लागली होती. "पायरीवर बसलेत. सदरा घामाने चिंब झालाय."

"आधी साखर दे. शुद्धीत आहेत ना?"

"हो, हो. पुडी फोडतोय… घातली तोंडात. चघळतायत."

तिने भिंग खाली ठेवलं.

"काही बोलतायत का?"

"बोलतायत." दादाचा आवाज एकदम बारीक झाला. "मला ओळखलं नाही. म्हणतायत, अहो, जरा बाजूला व्हा. घर दिसत नाहीये."

आईने फोन आपल्याकडे ओढून घेतला.

"मग हो ना बाजूला," ती म्हणाली. "आणि बस त्यांच्या शेजारी."